रॉकच्या दारावरचा वॉचमन

वर्गात चिठ्ठ्या काढल्या. मीडियाचं दुसरं वर्ष, पन्नास मार्कांचा प्रोजेक्ट : एक संगीतप्रकार घ्या, त्यातले पाचसहा व्हिडिओ निवडा, फोडा, तपासा, वर्गापुढं मांडा. आमच्या चौघांच्या गटाला चिठ्ठी आली रॉक आणि मेटलची. मी ती मोठ्यानं वाचली, आणि गटातलाच एक पोरगा, वाईट नाही, डबा वाटून खाणारा, सहज म्हणाला, ''अरे यार, तुला रॅप यायला पाहिजे होतं. तुझं ते मस्त झालं असतं.''

मी हसलो. हसायची सवय असते आपल्याला. मग हार्बर लाईनच्या गर्दीत चेपून घरी येताना ते वाक्य भातातल्या खड्यासारखं दाताखाली आलं. माझं रॅप का मस्त झालं असतं? मी आयुष्यात एक ओळ रॅप लिहिलेलं नाही. माझं आडनाव त्याला ठाऊक, माझी वस्ती ठाऊक, २०१९ साली धारावीच्या पोरांवर निघालेला तो सिनेमा त्यानं पाहिलेला. बस्स. तेवढ्यावर त्याच्या डोक्यातला एक खण उघडला आणि मला आत ठेवून बंद झाला. पूर्वी म्हणत, तुमची हलगी बरी. मग म्हणाले, तुमचं जलशाचं गाणं बरं. आता म्हणतात, तुमचं रॅप बरं. च्यायला, आम्हाला काय बरं वाटतं हे एकदा तरी विचारा की!

तर दोस्तांनो, मी रॉकच घेतलं. दोन महिने घेतलं. तडा गेलेल्या मोबाईलवर, रोजचा डेटा संपेस्तोवर, रात्री सगळे झोपल्यावर इयरफोन घालून. त्यातून जे दिसलं ते मांडतो. प्रोजेक्टच्या फाईलीत ते मावलं नाही, किंवा मावू दिलं नाही.

आधी त्या तक्त्याबद्दल. मॅडमनी आम्हाला एक छापील कागद दिला होता. त्यात रकाने : कॅमेऱ्याचा कोन, संकलनाचा वेग, कपडे, जागा, प्रकाश. रॉक-मेटलच्या खुणा कोणत्या ते भरायचं. काळे कपडे, लांब केस, खालून वर बघणारा कॅमेरा, गिटारवरच्या बोटांचे क्लोजअप, ओसाड कारखाना, आग, धूर, नाचणारी गर्दी. भरा आणि मोकळे व्हा. दुसरा कागद अँड्र्यू गुडविनचा. या माणसानं १९९२ साली 'डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी' नावाचं पुस्तक लिहून म्युझिक व्हिडिओकडं कसं बघायचं ते शिकवलं. तो म्हणतो, गाणं आणि चित्र यांची नाती तीन. चित्र गाण्याचा अर्थ सरळ दाखवतं, किंवा तो वाढवतं, किंवा चित्र एका बाजूला आणि गाणं भलतीकडंच. शिवाय रेकॉर्ड कंपनीला गायकाचं थोबाड वारंवार दिसायला हवं असतं, कारण विकायचं ते थोबाड आहे. हे त्याचं मला फार पटलं. हत्यार म्हणून गुडविन वाईट नाही. रेकॉर्ड कंपनीकडं बोट दाखवणारा माणूस आहे तो. पण आपल्याकडं हत्यार येतं ते मूठ काढून, नुसत्या पात्याची झेरॉक्स. वर्गात कंपनी गळते आणि क्लोजअप उरतो.

तक्ता चालतो कुठं, ते पण सांगतो. मेटॅलिकाचा 'वन', १९८९. या बँडनं पहिले तीन आल्बम व्हिडिओ न काढता विकले होते, हा त्यांचा पहिलाच. गोदामात चौघे वाजवतायत, काळं-पांढरं चित्र, आणि मध्येमध्ये एका जुन्या सिनेमाचे तुकडे : 'जॉनी गॉट हिज गन', १९७१. पहिल्या महायुद्धात हात, पाय, डोळे, कान, तोंड सगळं गेलेला एक शिपाई इस्पितळाच्या खाटेवर जिवंत ठेवलाय. नुसतं धड आणि आत जागा असलेला मेंदू. तो डोकं उशीवर आपटून मोर्सच्या कडकट्टात बोलू बघतो. ही कादंबरी १९३९ची, डाल्टन ट्रम्बोची. सिनेमाही त्यानंच काढला. हा ट्रम्बो म्हणजे कम्युनिस्ट असल्यावरून हॉलिवूडनं काळ्या यादीत टाकलेला, तुरुंगात जाऊन आलेला लेखक. आता गाण्याच्या उत्तरार्धात ड्रम मशीनगनसारखा सुटतो आणि पडद्यावर ते डोकं उशीवर आपटत असतं. गुडविनच्या भाषेत चित्र अर्थ वाढवतं. माझ्या भाषेत, बघताना पोटात खड्डा पडतो. पुढं बँडनं त्या सिनेमाचे हक्कच विकत घेऊन टाकले. एवढं सगळं सांगायला तक्त्यात रकाना होता, फक्त ट्रम्बोला नव्हता. मी समासात लिहिला.

मग मी एक युक्ती काढली. आवाज बंद करून बघायचं. गाणं बंद झालं की व्हिडिओची सगळी रंगसफेदी उतरते आणि फ्रेमचा सातबारा दिसायला लागतो. मध्ये कोण, कडेला कोण, कोण नुसतं हलतंय, कोण वाजवतंय, कोणाला तोंड आहे आणि कोणाला नुसतं अंग.

आवाज बंद करून पहिला धक्का बसला तो बायकांचा. १९८७चा व्हाइटस्नेकचा 'हिअर आय गो अगेन' घ्या. मोटारीच्या बॉनेटवर पांढऱ्या कपड्यातली बाई लोळतेय. टॉनी किटेन तिचं नाव, नटी होती. गाण्याशी तिचा संबंध काय? काही नाही. गाणं एकट्यानं वाट चालणाऱ्या माणसाचं आहे! लॉरा मल्व्हीनं १९७५ सालीच लिहून ठेवलं होतं की सिनेमाचा डोळा पुरुषाचा असतो, बाई बघण्यासाठी मांडलेली असते. मी हे मोठ्या तावात मांडत होतो, साम्राज्यवादी नजर, भांडवली देह वगैरे. आमच्या गटातल्या मुलीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ''ते तुझे ते अंक आणतोस ना वाचायला, त्यातल्या कविता आवाज बंद करून वाच एकदा.''

मी वाचल्या. व्यवस्थेला शिवी द्यायची तर ती बाईच्या अंगावरून, शहर वाईट तर ते रांड, क्रांती आली तर तीही बाईच, कपडे फेडून. आमच्या बॉनेटवरही बाईच लोळत होती मित्रहो. त्या मुलीला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. तिनं मला उलट एक व्हिडिओ पाठवला : इंडोनेशियातल्या पश्चिम जावाच्या गारूत गावच्या तीन पोरी, बँडचं नाव व्हॉइस ऑफ बासेप्रोट, डोक्याला हिजाब आणि हातात गिटार, बेस, ड्रम. २०१४ साली शाळेत असताना सुरू केलेला मेटल बँड, २०२४ला इंग्लंडच्या ग्लास्टनबरीच्या जत्रेत वाजवून आला. त्यात कोणी लोळत नाही. सगळ्याजणी वाजवतायत. आवाज बंद केला तरी समजतं की यांना काम येतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, खणाच्या.

१ ऑगस्ट १९८१ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. चोवीस तास गाण्यांचे व्हिडिओ. आणि सुरुवातीची दोनेक वर्षं त्यावर काळ्या कलावंतांचे व्हिडिओ शोधावे लागत. विचारलं की ठरलेलं उत्तर : आमचं चॅनेल रॉकचं आहे, काळे लोक रॉक करत नाहीत, ते आर अँड बी करतात, फंक करतात, आम्ही काय करणार? बघा, कसा गोड तर्क! आम्ही भेद करत नाही हो, आम्ही फक्त प्रकार पाळतो. रिक जेम्स नावाचा काळा गायक जाहीरपणे ओरडला. १९८३ साली डेव्हिड बोवी, गोरा, मोठा स्टार, एमटीव्हीवर मुलाखतीला गेला आणि त्यानं मुलाखत घेणाऱ्यालाच पकडलं की इथं काळे इतके कमी का. त्यानं जे सांगितलं त्याचा मतलब असा, की आम्हाला न्यूयॉर्कबाहेरच्या लहान गावांतला प्रेक्षकही सांभाळायचा असतो, प्रिन्ससारखा माणूस किंवा ओळीनं काळे चेहरे दिसले तर तो घाबरेल. ती मुलाखत आजही बघायला मिळते. बोवीचा चेहरा बघा. शांत असतो, पण सोडत नाही.

त्याच वर्षी मायकेल जॅक्सनचा 'बिली जीन' लागला आणि दार किलकिलं झालं. त्याच्या कंपनीनं धमकी दिली म्हणून लागला असं काही लोक सांगतात. चॅनेलवाले नाही म्हणतात. धमकी असो नसो, जॅक्सन इतका विकला जात होता की त्याला बाहेर ठेवणं तोट्याचं झालं होतं. भांडवलाला रंग दिसतो, पण नोटेचा रंग आधी दिसतो.

मग १९८५ला येतो माझ्या प्रोजेक्टचा नायक. रन-डीएमसी, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या हॉलिस वस्तीतली तीन काळी पोरं. रॅप करणारी. आणि गाण्याचं नाव काय? 'किंग ऑफ रॉक'! रॅपचे राजे नाही म्हणाले ते. व्हिडिओ सुरू होतो एका म्युझियमच्या दारात. रॉक अँड रोलचं म्युझियम. काळे कपडे, काळ्या हॅट घातलेली ही पोरं आत जायला निघतात आणि दारावरचा म्हातारा गोरा वॉचमन त्यांना अडवून खदाखदा हसतो, तुमचं इथं काय काम म्हणून. पोरं त्याला बाजूला सारून आत घुसतात. आतल्या जुन्या दैवतांकडं बघत फिरतात. मायकेल जॅक्सनचा चकाकता हातमोजा दिसतो, तो पायाखाली तुडवतात. म्हणजे एकट्याला आत घेतलंत आणि आमचा प्रश्न सुटला असं समजू नका! आणि हे सगळं चालू असताना मागं वाजत असते ती कर्कश, जाड, दात असलेली इलेक्ट्रिक गिटार. रॉकचीच.

हा व्हिडिओ मी किती वेळा बघितला ते मोजलं नाही. मला ते दार ओळखीचं होतं. काळारामाचं दार १९३०ला असंच होतं. आमच्या कॉलेजच्या रॉक सोसायटीच्या खोलीचं दार तसं उघडंच असतं, फक्त आत गेलं की सगळे जरा जास्त प्रेमानं बोलतात. गंमत बघा, अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात असं म्युझियम खरोखरीच उभं राहिलं, ते दहा वर्षांनी, १९९५ला. रन-डीएमसीला त्या संस्थेनं सन्मानानं आत घेतलं २००९ साली. व्हिडिओत दोन मिनिटं लागली, प्रत्यक्षात चोवीस वर्षं.

पुढच्याच वर्षी, १९८६ला, 'वॉक धिस वे'. तो सगळ्यांना माहीत असतो. एका खोलीत रन-डीएमसी, शेजारच्या खोलीत एरोस्मिथ हा गोरा रॉक बँड, मध्ये भिंत. एकमेकांच्या आवाजानं वैतागतात, आवाज वाढवतात, आणि शेवटी गोरा गायक स्टीव्हन टायलर माइकच्या दांड्यानं भिंतीला भगदाड पाडून तोंड आत घालतो. आमच्या गटाच्या स्लाइडवर लिहिलं होतं : दोन संस्कृतींचा मिलाफ. हा 'मिलाफ' शब्द ऐकला की माझा हात खिशाकडं जातो, पाकीट आहे का बघायला. भिंत फोडण्याचा मान कोणाला दिलाय बघा. गोऱ्याला. म्हणजे उद्धारक तो. पण त्या साली एरोस्मिथची अवस्था काय होती? व्यसनांनी पोखरलेला, उतरणीला लागलेला बँड. या गाण्यानं त्यांना परत उभं केलं. त्यांच्या १९७५च्या मूळ गाण्याचा सुरुवातीचा ड्रम हॉलिसची पोरं आधीपासूनच तबकडीवर फिरवून त्यावर बोलत होती, बँडचं नावही धड माहीत नसताना. भिंत ज्यानं फोडली तोच उपाशी होता, आणि जेवण दुसऱ्या खोलीत शिजत होतं. व्हिडिओ हे सांगत नाही. व्हिडिओत तो दिलदार शेजारी दिसतो.

आणि मुळात रॉक कोणाचं? ज्यांना अजून वाटतं की ही गोऱ्यांची मिराशी आहे त्यांनी सिस्टर रोझेटा थार्पची १९६४ची फिल्म बघावी. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. ग्रॅनाडा टेलिव्हिजननं ते अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यातल्या स्टेशनासारखं सजवलेलं, खोकी, कोंबड्या, सगळा देखावा. एका फलाटावर काळे कलावंत, समोरच्या फलाटावर गोरी तरुण पोरं बसलेली. मध्ये रूळ. पाऊस पडून गेलेला, फलाट ओला. थार्पबाई घोडागाडीतून उतरते, अंगात जाड कोट, एक्कावन्न वाटावी तर वाटू नये असं वय, आणि गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. ज्या वेळी हे गोरे गिटारवीर शाळेतही गेले नव्हते त्या वेळी, तीसच्या दशकाच्या शेवटी, तिच्या रेकॉर्डी निघत होत्या. चर्चचं गाणं गिटारवर आणून तिनं ज्या पद्धतीनं तारा खेचल्या त्यावर पुढं अख्खं रॉकचं घर उभं राहिलं. त्या फिल्ममध्ये ती वाजवते आणि रुळापलीकडची पोरं टाळ्या देतात. मी रुळाच्या कडेला वाढलो. रूळ म्हणजे काय असतं ते मला कोणी सांगायला नको. पलीकडून टाळ्या येतात, माणसं येत नाहीत. थार्प १९७३ला वारली. कित्येक वर्षं तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. त्या हॉल ऑफ फेमनं तिला २०१८ला आठवलं!

आता कोणी म्हणेल, म्हणजे रॉक काळ्यांचं आणि गोऱ्यांनी चोरलं, एवढंच ना? नाही. एवढ्यावर थांबलो तर माझ्या डोक्यातही खणच झाले. मेटल कुठं जन्मलं बघा. इंग्लंडचं बर्मिंगहॅम, ॲस्टन, कारखान्यांची वस्ती. टोनी आयोमी, वय सतरा, पत्रे कापण्याच्या कारखान्यात. त्या दिवशी त्याचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. मशीननं उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं उडवली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात गेला. कारखान्यातल्या वरच्या माणसानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली : हात भाजून दोन बोटं निकामी झाली तरी गिटार वाजवणारा, रोमा, म्हणजे ज्यांना युरोपनं गावकुसाबाहेर ठेवलं त्या भटक्यांतला. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या. पुढं तारा सैल सोडून सूर खाली आणला. तो जो मेटलचा खोल, जड, जमिनीतून येणारा आवाज म्हणतात त्यात त्या तुटलेल्या बोटांचा वाटा आहे. आमच्या गल्लीत पॉवर प्रेसवर बोटं गेलेली तीन माणसं मला माहीत आहेत. त्यांना कोणी रेकॉर्ड आणून दिली नाही, भरपाईचा अर्जही कोणी भरून दिला नाही.

आणि त्या ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न. २२ जुलै २०२५ला गेला, तेव्हा आमच्या वर्गात दोघंतिघं रडली. त्यांना मी सांगितलं की हा माणूस आधी मोटारींच्या हॉर्नच्या कारखान्यात होता आणि मग कत्तलखान्यात कामाला. जनावरं मारण्याचं, साफ करण्याचं काम. ते म्हणाले, हो, किती मेटल ना! मी गप्प बसलो. ऑझी कत्तलखान्यात होता ही त्याच्या दंतकथेतली शोभेची गोष्ट आहे. तो तिथून बाहेर पडला आणि ते काम त्याच्या अंगाला चिकटून आलं नाही, त्याच्या पोरांच्या दाखल्यावर आलं नाही. आमच्याकडं आजोबानं शंभर वर्षांपूर्वी ढोर ओढणं सोडलं तरी नातवाच्या आडनावातून वास येतो म्हणतात. बर्मिंगहॅमचा कामगार आणि मी, कारखान्याच्या फाटकापर्यंत आम्ही सोबत जातो. पुढं त्याचा रस्ता वेगळा.

१९८८ला लिव्हिंग कलरचा 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी' आला. चार काळे माणसं, शंभर टक्के हार्ड रॉक. त्यांचा गिटारवाला व्हर्नन रीड यानं १९८५ला काही साथीदारांबरोबर ब्लॅक रॉक कोअलिशन ही संघटनाच काढली होती, कारण कंपन्या म्हणत, काळा बँड आणि रॉक? विकणार कसं? या गाण्याला पुढं ग्रॅमी मिळालं. गाणं सुरू होतं माल्कम एक्सच्या आवाजानं. ज्या लढ्यातल्या पँथरांचं नाव १९७२ला मुंबईतल्या आपल्या पोरांनी उचललं, त्या लढ्याचा आवाज. पण गाण्याचा विषय वेगळाच : व्यक्तिपूजा. मुसोलिनी, स्टालिन, केनेडी, गांधी, सगळे एकाच रांगेत. वर्गात गांधींवरून कुजबुज झाली. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू? मग घरी येताना स्टेशनबाहेरचे फ्लेक्स मोजले. बाबासाहेबांचा फोटो कोपऱ्यात तिकिटाएवढा, आणि मध्ये गॉगल घातलेला स्थानिक नेता, खाली पंचवीस शुभेच्छुकांची थोबाडं. गुडविन म्हणतो तेच, विकायचं ते थोबाड. २५ नोव्हेंबर १९४९ला घटनासभेत बाबासाहेब बजावून गेले होते की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. तो फ्लेक्स आवाज बंद करून बघायचीही गरज नाही.

आणि विद्रोहाच्या दुकानाबद्दल. रेज अगेन्स्ट द मशीनचा 'स्लीप नाऊ इन द फायर'. मायकेल मूर दिग्दर्शक. २६ जानेवारी २००० (आपला प्रजासत्ताक दिन, योगायोग) रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर, शेअर बाजारासमोरच्या पायऱ्यांवर बँड वाजवायला लागला. पोलीस आले, मूरला धरलं, आणि बाजारानं दारं लावून घेतली. व्हिडिओत एक माणूस ट्रम्पला राष्ट्राध्यक्ष करा असा फलक घेऊन उभा दिसतो. २०००च्या जानेवारीत! गटातला तो डबेवाला मित्र म्हणाला, ''पण यांची रेकॉर्ड कंपनी सोनीची ना? म्हणजे ढोंगच.'' प्रश्न खरा होता, तो मी टाळला नाही. पण ढोंग म्हणून फाईल बंद करायची घाई कोणाला असते? ज्याला दोन्हीकडचं काही द्यायचं नसतं त्याला. सोनीच्या पैशानं सोनीच्या गल्लीचं दार तासभर बंद झालं असेल तर ते तासभर बंद झालं. त्यातून क्रांती झाली नाही, टीशर्ट विकले गेले, हेही खरं. हे अंक आपण वर्गणीवर, उधारीच्या कागदावर काढतो. त्याचा अभिमान जरूर धरा, पण किती जणांपर्यंत जातो तेही मोजा.

ब्राझीलच्या सेपल्चुराचा १९९६चा 'रूट्स ब्लडी रूट्स' शेवटी घेतला होता. साल्वादोर शहरात चित्रित केलेला, जिथं आफ्रिकेतून गुलाम उतरवले जात. मेटलच्या गिटारीत तिथल्या रस्त्यावरचे ढोल, कापोएराचे लाथाबुक्क्यांचे खेळ. ढोलवाले फ्रेमच्या कडेला नाहीत, तोंडासकट आहेत. तो जड ठोका ऐकून माझी आई उठली आणि म्हणाली, ''कुणाची वरात हाय रं एवढ्या रातीला?'' इयरफोन निघाला होता. त्या रात्री तिनं अर्धा व्हिडिओ बघितला. म्हणाली, वाजीवत्यात चांगलं, पण वरडत्यात कशाला.

सादरीकरण झालं. पन्नासपैकी सत्तावीस. शेरा असा : विश्लेषण भावनिक, संगीतप्रकाराच्या चौकटीबाहेर जाते, जात-वंश हा विषय अपेक्षित नव्हता. गटाच्या स्लाइडमधून थार्प आणि म्युझियमचं दार आदल्या रात्री कोणीतरी काढून टाकलेलं होतं, 'वेळ कमी' म्हणून. मी ते तोंडी बोललो. भांडलो नाही, रागानं बोललो हे मात्र खरं.

मग आमच्या वस्तीच्या वाचनालयात, जयंतीला आणतो तो प्रोजेक्टर भाड्यानं आणून, चादरीवर हे सगळं परत दाखवलं. वीसेक पोरं होती. 'किंग ऑफ रॉक'ला शिट्ट्या पडल्या. वॉचमनला ढकलून पोरं आत घुसतात तिथं तर दंगाच. मी खुशीत येऊन दाराबद्दल भाषण ठोकायला लागलो तेवढ्यात आठवीतला एक पोरगा उठला.

''दादा, त्या वॉचमनला पगार किती असंल?''

मला उत्तर आलं नाही. त्याचा बाप पवईच्या एका टॉवरच्या गेटवर असतो. बारा तासांची ड्युटी, निळा ड्रेस, येईल त्याला सलाम. आमच्यासारखं कोणी आत जाऊ बघितलं तर अडवायचं, हे त्याचं काम. दोन महिने मी तो व्हिडिओ बघत होतो आणि त्या माणसाकडं मी एकदाही बघितलं नव्हतं.

पोरं ओरडत होती, परत लाव, परत लाव. मी परत लावला, आवाज बंद करून.